आवाज नसलेला प्लेअर

"नातवंडांसाठी हवाय का, आजी?" दुकानदाराने विचारलं.

"नाही. माझ्यासाठी हवाय," मी म्हणाले. "आणि मला नातवंडं नाहीत."

एकसष्टाव्या वर्षी कुणी आजी म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नये, हे मला कळतं. तरी अंगाचा तिळपापड होतो.

"मग मोबाइलवर बघा की. हे असले व्हिडिओ प्लेअर आता कोण घेतं?"

"मी नाच शिकवते. तिसऱ्या रांगेतल्या बाईला मोबाइलवरचं माणूस मुंगीएवढं दिसतं. त्यात मधेच कुणाचा फोन आला, की नाचणारी गायब आणि तिथे भलत्याचाच नंबर."

त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्या पायांकडे पाहिलं. नाचाचं नाव काढलं की सगळे आधी पायच बघतात. माझ्या पायांत बघण्यासारखं काही नाही. टाचांना भेगा आहेत आणि डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. आमच्या घरातले सुंदर पाय सगळे ताईच्या वाट्याला गेले.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही दोघी बत्तीस वर्षं मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी बायकांसाठी नाचाचा वर्ग घेत होतो. ती मोठ्या बाई, मी धाकट्या बाई. कामं वाटलेली होती. नाच ती बसवायची आणि समोर उभी राहून शिकवायची. मी मागे उभी राहायचे आणि कुणाचा खांदा दाब, कुणाचं कोपर उचल, कुणाची हनुवटी सरळ कर, असं करत फिरायचे. नवा नाच बसवताना ताई थांबून विचारायची, "बरोबर आहे का गं?" आणि मी "बरोबर" किंवा "मुळीच नाही" म्हणायचे. माझं तोंड फटकळ आहे, त्यामुळे हे काम मला छान जमायचं.

हॉलला आरसे नाहीत. वाचनालयाला आरसे कशाला हवेत? त्यामुळे ताईला उलटं नाचावं लागे. शिकणाऱ्यांकडे तोंड करून उभं राहिलं की आपला उजवा पाय त्यांच्या डाव्यासमोर येतो. म्हणून ती तोंडाने "उजवा" म्हणायची आणि स्वतः डावा टाकायची. समोरच्या बायका आरशात बघावं तसं तिच्याकडे बघत आणि आपोआप उजवा टाकत.

आठ महिन्यांपूर्वी ताई गेली. चार दिवस ताप आला आणि पाचव्या दिवशी संपलं. त्याआधी दोनच महिने तिने एक नवा नाच बसवला होता, साडेसहा मिनिटांचा. वर्गात शिकवायला सुरुवातही झाली नव्हती. आमच्या बाहेरच्या खोलीत टेबल भिंतीला सरकवून ती तो एकदा सबंध नाचली आणि मी त्याचं शूटिंग केलं. जगात त्या नाचाचं एवढंच काय ते आहे. तो कुणाच्या तरी अंगात नीट उतरला नाही, तर ताईबरोबर तोही गेला असं समजायचं.

वार्षिक कार्यक्रमाला तीन महिने उरले होते. वर्गातल्या तीसजणींपैकी नऊ राहिल्या होत्या आणि त्या नऊजणीही "आता ह्या काय शिकवणार" अशा चेहऱ्याने येत होत्या. त्यांची चूक नव्हती. मी उभ्या जन्मात समोर राहून शिकवलेलं नाही. समोर गेलं की माझे हात मला परक्याचे वाटायला लागतात. म्हणून मी युक्ती काढली, की ताईला पडद्यावर समोर उभं करायचं आणि आपण आपल्या जागी मागेच राहायचं.

तर, दुकानात. मी पर्समधून चिठ्ठी काढली.

"पडदा मोठा हवा. चार्जिंग दोन तास टिकायला हवं, कारण हॉलमध्ये धड चालणारा प्लग एकच आहे आणि तो पंख्याला लागतो. रिमोट हवा, मी मागे उभी असते. मंद गतीने चालायला हवा. आणि नाचाचा एक तुकडा, इथपासून इथपर्यंत, आपोआप पुन्हा पुन्हा लागायला हवा."

"तुम्ही पूर्ण तयारीनिशी आलायत," तो म्हणाला. या वेळी आजी म्हणाला नाही.

त्याने पहिला प्लेअर काढला तो हिरवागार, झाकणावर ससा. मी ताईच्या शूटिंगचं मेमरी कार्ड दिलं, आवाज बंद ठेवायला सांगितलं, आणि त्याने मधलाच एक तुकडा मंद करून लावला. ताईने हात उचलला, हात नाहीसा झाला आणि एकदम डोक्यावर उगवला.

"नको," मी म्हणाले. "ही माझी बहीण आहे, जादूगार नाही."

तो हसला. दुसरा प्लेअर करड्या रंगाचा होता, पडदा पुस्तकाएवढा. "हा बघा. थोडा लहान आहे, पण मंद केला तरी आवाज जात नाही. असं हल्ली मिळत नाही." आणि मी काही म्हणायच्या आत त्याने सुरुवातीपासून, निम्म्या गतीने, आवाजासकट लावला.

पडद्यावर आमच्या बाहेरच्या खोलीची भिंत आली. मग ताई आली, पदर खोचलेली. तिने थेट माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ठ… मे…"

ठमी हे माझं घरातलं नाव. ते घेणारं आता कुणी उरलेलं नाही. निम्म्या गतीत तिचा आवाज जड, घोगरा झाला होता आणि ती दोन अक्षरं संपता संपत नव्हती. मी हात पुढे करून पडदा खाडकन मिटला.

"काय झालं? हाच घ्या ना. नाचाला ठेका ऐकू यायला लागत असेल."

"नाही लागत. मोजणी मी तोंडाने करते."

खरं कारण ते नव्हतं. तो आवाज आठवड्यातून दोनदा नऊ बायकांच्या देखत ऐकायचा, हे मला झेपलं नसतं. घरात आठ महिने कुणी बोललेलं नव्हतं. मी कुलूप उघडून आत आल्यावर सवयीने "आले गं" म्हणायचे आणि मग चपला काढायला उगाच वेळ लावायचे. अशा घरातल्या बाईने तो आवाज पिशवीत घालून हिंडवायचा, म्हणजे जरा अतीच झालं असतं.

तिसरा प्लेअर काळा, ताटाएवढ्या पडद्याचा. "याची बॅटरी चार तास. रिमोट आहे. तुकडाही फिरतो," दुकानदार म्हणाला. "एकच दोष आहे. गती कमी केली की आवाज बंद."

"हा द्या," मी म्हणाले.

"आधी बघून तर घ्या. हे एक बटण आहे, चित्र उलटं करतं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. व्यायामवाले हेच मागतात, समोर बघून तसंच करता येतं."

त्याने मंद गतीत सुरुवात लावली. ताईचे ओठ हलले, पण आवाज आला नाही आणि माझा जीव भांड्यात पडला. मग तिने पहिलं पाऊल टाकलं, आणि ते डावं होतं.

आमच्या वर्गाचा नियम आहे, पहिलं पाऊल उजवं. बत्तीस वर्षांत ताईने तो एकदाही मोडला नव्हता. मी डोळे फाडून बघत राहिले. जोराचे ठोके सगळे डाव्यावर. एका पायावरचा लांबलचक तोल, तोही डाव्यावर. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जिन्यात घसरल्यापासून ताईचा उजवा गुडघा दुखत होता. त्या गुडघ्यापायी तिने आपला नियम मोडला, सगळा नाच दुसऱ्या बाजूला फिरवला आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही. मला तिथे, काउंटरसमोर, रडू आलं. दुकानदार भला माणूस. तो पाठ फिरवून खोकं शोधत बसला.

म्हणजे माझ्या बायकांनीही ताईसारखा डावा टाकायला हवा. चित्र सरळ ठेवलं तर समोर बघून त्या उजवा टाकणार, म्हणून ते उलटं करायला हवं. मी ते बटण दाबलं आणि पुढचे दहा आठवडे दाबलेलंच ठेवलं.

ताई पडद्यावर आल्यापासून वर्गात जान आली. मी प्लेअर स्टुलावर ठेवायचे, स्टूल टेबलावर ठेवायचे, आणि रिमोट घेऊन मागे जायचे. मंद गतीत एकेक तुकडा दहादा, वीसदा. ताई दमत नव्हती, चिडत नव्हती, पाणी मागत नव्हती. पूर्ण गतीत लावतानाही मी आवाज बंदच ठेवायचे आणि मागून टाळ्या देत एक-दोन-तीन-चार म्हणायचे.

वर्गात एक वकीलबाई आहे. कोर्टातून थेट येते, पिशवीत फायली, केसांत पेन. तिला आम्ही वकिलीण म्हणतो आणि तिला ते आवडतं. नऊजणींत नाच खरा अंगात भिनला तो तिच्या. ताईचा हात जिथे थबकतो तिथेच तिचाही थबकायला लागला होता. ती वाद घालते, पण कष्टाला मागे हटत नाही. एकदा तिने विचारलं, "बाई, आपण नेहमी उजव्याने सुरू करतो. मग हा डाव्याने का?"

मी गुडघ्याची गोष्ट सांगितली. चांगली रंगवून सांगितली, खोटं कशाला बोलू. दुखऱ्या पायाने शेवटचा नाच बसवणारी बाई, कुणापाशी कुरकुर नाही, काही नाही. नऊच्या नऊजणींनी डोळे पुसले. वकिलिणीने तर कार्यक्रमपत्रिकेसाठी चार ओळी लिहून छापायलाही दिल्या. ताई असती तर म्हणाली असती, "ठमे, माझ्या गुडघ्याची जाहिरात कशाला करतेस?"

कार्यक्रमाला अकरा दिवस राहिले असताना एक अडचण आली. चौथ्या मिनिटाला ताई एका पायावर स्तब्ध उभी राहते. किती मात्रा? वकिलीण म्हणाली सहा, बाकीच्या म्हणाल्या चार. मंद गतीत मोजून कळेना आणि पूर्ण गतीत पटकन निघून जाई.

"बाई, एकदा आवाज लावा ना," वकिलीण म्हणाली. "मोठ्या बाई मोजत असतील की."

"मी घरी बघून सांगते," मी म्हणाले, आणि प्लेअर पिशवीत भरला.

शनिवारी दुपारी, जेवण झाल्यावर, मी तो बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर ठेवला. ते टेबल ताईच्या शूटिंगपासून भिंतीलाच लावलेलं होतं. एकटीला एवढी मोठी खोली पुरून उरते, मग कोण ओढतंय ते परत मधे. मी थेट चौथ्या मिनिटाला जायचं ठरवलं होतं, पण बोट सुरुवातीवर पडलं. गती पूर्ण. आवाज पूर्ण.

"ठमे, चालू झालं का गं?"

"झालं."

हा दुसरा आवाज माझा होता. त्रासलेला, घाईतला. मी त्या कार्डात आहे हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

"हं. मग समज, बायका इथे उभ्या आहेत. उजवा!" ताई म्हणाली, आणि तिने डावा पाय टाकला.

मी प्लेअर थांबवला. मग पुन्हा लावला. "उजवा!" डावा पाय. "उजवीकडे गिरकी!" आणि ताई झोकात डावीकडे वळली. जोराचा ठोका, "उजवा, उजवा, दोन्ही!"

ती शिकवत होती. कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि वर्गासमोर राहावं तशी उलटं नाचली. तिची ही खोड मला माहीत नव्हती असंही नाही. गुडघ्याच्या व्यायामाला न्यायचे तेव्हा व्यायाम घेणारी मुलगी समोर बसून म्हणायची, "उजवा पाय उचला," आणि ताई डावा उचलायची. ती पोर घाबरून तिच्या मेंदूचा फोटो काढायला सांगणार होती. आम्ही दोघी रिक्षात हसून हसून बेजार झालो होतो. हे सगळं मला ठाऊक, आणि तरी मी दुकानात उभी राहून गुडघ्याचं पुराण रचलं. एकदा, फक्त एकदा आवाज ऐकला असता तर पहिल्याच शब्दाला कळलं असतं. मी भ्याले, आणि त्या भ्याडपणापायी ताईचा नाच दहा आठवडे नऊजणींच्या अंगात उलटा घोटत बसले.

चौथं मिनिट आलं. ताई एका पायावर उभी राहिली. "इथे चार थांबू की सहा? ठमे, बघ ना. बरोबर आहे का गं?"

"चार. बरोबर आहे. पुढे हो, गॅसवर दूध आहे."

मी ते किती वेळा ऐकलं कुणास ठाऊक. मला ती दुपार आठवत नाही. दूधही आठवत नाही. तिने शेवटचं विचारलं तेव्हा मी नीट बघून बरोबर म्हणाले, की दुधाच्या घाईत म्हणाले, हे आता मलाही सांगता येणार नाही. मी टेबलावर डोकं टेकून मोठ्याने रडले. घरात ऐकणारं कुणी नव्हतं, तेवढी एक सोय होती.

रविवार आणि सोमवार मी स्वतःशी भांडले. नाच उलटा आहे हे जगात मला एकटीलाच माहीत होतं. मी गप्प बसले असते तर कार्यक्रम छान झाला असता, टाळ्या पडल्या असत्या, आणि पत्रिकेतल्या चार ओळी वाचून लोक हळहळले असते. पण मग ताईचा म्हणून जो नाच पुढे गेला असता, तो तिचा नसता. माझ्या चुकीचा असता.

मंगळवारी मी नऊजणींना खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. दुकानापासून दुधापर्यंत.

"दहा आठवडे, बाई!" वकिलीण म्हणाली. "आणि ते गुडघ्याचं मी छापायला दिलं!"

"परत मागवा. माझी चूक म्हणून सांगा."

"पण मी म्हणते, उजवा काय नि डावा काय. आम्हाला हा चांगला बसलाय. बघणाऱ्यांना काय फरक पडतो?"

"ताई उजवा म्हणाली आहे," मी म्हणाले. "मी ऐकलंय. त्यामुळे उजवा."

वकिलीण उठून आपल्या जागी उभी राहिली. आम्ही उलटं करणारं बटण सोडलं आणि सुरुवात केली. दोन मिनिटांत दाणादाण उडाली. पाय एकीकडे, हात दुसरीकडे. गिरकीला दोघींची डोकी एकमेकींवर आपटली. पडद्यावरची ताई आपली पुढे पुढे नाचत होती. कोण अडलंय, कोण रडवेली झालीय, हे तिला दिसत नव्हतं. मी मागून ओरडत होते आणि माझ्याकडे वळून बघावं तर त्यांना पडदा दिसत नव्हता.

मी रिमोट खिडकीत ठेवला, प्लेअर बंद केला आणि समोर जाऊन उभी राहिले.

समोरून हॉल केवढा तरी मोठा दिसतो. नऊ चेहरे माझ्याकडे बघत होते आणि माझे हात पुन्हा परक्याचे झाले होते. "उजवा," मी म्हणाले, आणि माझा डावा पाय आपोआप पडला. दहा आठवडे मी मागे उभी राहून, टाळ्या देता देता, त्यांच्याबरोबर नकळत पावलं टाकली होती. जे मी चुकीचं शिकले होते, तेच समोर उभ्या राहणाऱ्या बाईला हवं असतं. समोर नऊ उजवे पाय पडले. पुन्हा "उजवा", पुन्हा डावा. वकिलिणीचं चुकलं तिथे मी थांबले, तिच्या डोळ्यांत बघून पुन्हा करून दाखवलं आणि तिला जमलं.

असं करत करत तासाभराने आम्ही चौथ्या मिनिटाला पोहोचलो. मी डाव्या पायावर उभी राहिले. तोल राहिला. एक, दोन, तीन, चार. मानेपासून टाचेपर्यंत कुठे काय होतंय ते मला कळत होतं, पण बाहेरून कसं दिसतंय ते कळत नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय पुढे जाणं मला अशक्य वाटलं. मी त्यांच्या डोक्यांवरून मागे पाहिलं आणि विचारलं, "बरोबर आहे का गं?"

नऊजणींनी एकमेकींकडे पाहिलं. दोघीतिघींनी वळून मागे कोण आलंय ते बघितलं. मागे भिंत होती आणि घडी घातलेल्या खुर्च्या होत्या.

"बाई," वकिलीण हळूच म्हणाली, "ते आम्हाला कसं कळणार?"

"हो, तेही खरं," मी म्हणाले, आणि पुढचं पाऊल टाकलं.